कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नये

मी, खाली सही करणारी, सेवानिवृत्त टंकलेखिका, अविवाहित, कोणाच्याही दडपणाखाली किंवा औषधाच्या गुंगीत नसताना हे मृत्युपत्र स्वतः टाईप करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. खालचे औषधवाले म्हणाले, "बाई, तब्येत ठणठणीत, मग हे कसलं खूळ?" ठणठणीत असतानाच लिहायचं असतं. नंतर लोक म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला होता.

१. टाईपरायटर औषधवाल्यांना द्यावा. त्यांनी पुडीवर लिहिलेलं वाचून जो बरा होतो, तो स्वतःच्या नशिबाने.

२. भिंतीवरचं घड्याळ वकीलसाहेबांच्या ऑफिसला परत करावं. माझ्या निरोपसमारंभात त्यांनी ते दिलं. माझ्या कौतुकाचं भाषणही मलाच टाईप करायला लावलं होतं. दोन विशेषणं मी पदरची घातली. त्यांनी वाचताना नेमकी तीच गाळली.

३. खिडकीतला लोंबता निवडुंग. हे कलम लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी चौथ्यावर जावं.

त्याला पानं नाहीत. चपट्या पेरांच्या साखळ्या आहेत, आणि त्या आता खिडकीच्या कठड्याखाली उतरल्या आहेत. शाळेतल्या सिस्टरनी त्याचं एकेक पेर मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला दिलं होतं. धाकटीने आपलं रोज पाणी घालून आठवड्यात कुजवलं. सिस्टर बजावत, "मुलींनो, हा वाळवंटातला नव्हे. रानात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहतो. ऊन गाळलेलं, माती भुसभुशीत, पाणी वरची माती सुकल्यावर. आणि कळ्या धरल्या की कुंडी फिरवायची नाही." धाकटी तिथेच उभी होती. ऐकत होती की वेणी घालत होती, ते तिलाच ठाऊक.

कळ्या धरायला त्याला लांब, गडद रात्र लागते. म्हणून दरवर्षी थंडीच्या तोंडावर मी बाहेरच्या खोलीत दिवाच लावत नाही. दिवस मावळला की स्वयंपाकघरात जाऊन बसते. शेजाऱ्यांना वाटतं, बाई वीज वाचवते. वाटू दे. त्या दिवसांत बोलायला कोणी नसतं, हे खरं. इतर दिवसांतही नसतं, तेव्हा त्याचा दोष झाडावर नको.

अशाच एका वर्षी साखळीच्या टोकाटोकाला कळी होती. धाकटी आपल्या मैत्रिणींना घेऊन आली, आणि मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात तिने कुंडी अर्धी फिरवून कळ्यांची बाजू खोलीकडे केली. पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून! मला कळलं तेव्हा त्या जिना उतरल्या होत्या. आठवडाभरात एकूण एक कळी जमिनीवर. मी फोनवर तिला जे बोलायचं ते बोलले. ती म्हणाली, "ताई, कळ्याच गळल्या ना? माणूस तर नाही गेलं कुणाचं! तुला मेलं माणसांपेक्षा झाड जवळचं." मी फोन ठेवला. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. त्यानंतर तिचे पाय इकडे वळले नाहीत आणि माझा हात फोनकडे गेला नाही.

मी चुकले असं या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. कोणी शोधत बसू नये.

तर हा निवडुंग धाकटीला द्यावा. दुसऱ्या कोणालाही नाही. कुंडीच्या काठाला मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. तो काचेकडेच राहावा.

४. राहतं घर आणि बँकेतली शिल्लकही धाकटीलाच. घर विकायचं तर खुशाल विकावं. मात्र झाडाला कळ्या असतील, तर फुलं ओसरेपर्यंत कुंडी जागची हलवू नये, म्हणजे घरही तोवर विकू नये. पाणी घालायला तिला इथेच यावं लागेल. जिना तिला चढवतो. नुसती निमित्तं नकोत.

५. घराची जादा किल्ली. मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतरच होतो, हे मला शिकवायला नको. तरीही एवढं एक कलम आजपासून लागू धरावं. औषधवाले साक्षीदार व्हायला तयार होते. पण ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीची सही करू नये, हे वकीलसाहेब विसरले तरी मी विसरत नाही. औषधवाल्यांकडे दुसरं काम दिलं आहे : या कागदाची प्रत आणि किल्ली आजच धाकटीच्या हातात द्यायची. "काही निरोप?" त्यांनी विचारलं. निरोप एवढाच, की यंदा कळ्या धरल्या आहेत. धरल्यावर उजेडाचं भय नसतं. संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत दिवा लावून बसते, रस्त्यावरून दिसतो.

वरचा मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द खोडायचा नाही.

सही : (मृत्युपत्र करणारी)

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरचे शिंपी (सही)

दिनांक : सहीखाली शाईने घातला आहे.
ठिकाण : माझी बाहेरची खोली, दिव्याखाली. समोरची खुर्ची रिकामी.