घेण्याच्या काट्यावरचा पहिलवान

अड्याळ,
जानेवारी १९८१

रा. रा. केवळरामजी साळेबुवा, राइस मिलवाले, मुक्काम तुमसर, यांना अड्याळहून त्यांचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, श्यामराव यांचा रामराम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरी खुशाल फक्त तुमची बहीण शकुंतला आहे. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमच्या पोटातल्या वायूला ओव्याचा उतार पडला का? (हे तिनं दिवाळीपासून विचारायला सांगितलं आहे, मी दर पत्रात विसरतो.) मिलचा पट्टा पुन्हा तुटला म्हणे. तुटणारच. पट्टा तुम्ही घेतला तोच मुळात दुसऱ्या मिलवाल्यानं टाकून दिलेला.

पत्र लिहायला तसं काही कारण नाही, सहज तुमची आठवण आली. आठवण यायचं निमित्त म्हणजे तुम्ही दिलेले ते दोन काटे. लोक जावयाला अंगठी देतात, फार तर सायकल देतात. तुम्ही काटे दिलेत आणि वर उपदेश दिलात, की मागच्या अंगणात ठेवायचा तो घेण्याचा काटा, त्यावर शेतकऱ्याचं धान तोलायचं, तो जरा कमी दाखवतो. आणि पुढे दुकानात ठेवायचा तो देण्याचा काटा, त्यावर गिऱ्हाइकाचा तांदूळ तोलायचा, तो जरा जास्त दाखवतो. मी तेव्हा नवा होतो, घाबरलो. तुम्ही म्हणालात, धान वाळतं, उंदीर खातात, व्यापाऱ्यालाही बायकापोरं असतात. मला ते पटलं. इतकी वर्षं पटतच होतं.

तुम्हाला माहीतच आहे की आपल्या गावच्या कुस्त्यांच्या आमदंगलीच्या कमिटीचा अध्यक्ष मी आहे. (लोक म्हणतात मी स्वतःच झालो. कोणी करत नसेल तर माणसानं काय वाट पाहत बसावं?) कुस्त्यांचा मला शौक नाही, पण जोड लावायची विद्या मला चांगली आहे. ती विद्या किती अवघड असते ते मिलमध्ये बसून तुम्हाला कळायचं नाही. दोन गावचे वस्ताद आपापला पट्ठा दंडाला धरून आखाड्यात फिरवतात, बैलबाजारात फिरवतात तसा, आणि समोरचा पट्ठा दिसला की दोघंही एकच सांगतात, की आमचं पोरगं अजून कोवळं आहे, उगवतं आहे, याच्याशी कसं भिडवता? अहो, त्या उगवत्या पोराच्या मिशा झाडूएवढ्या असतात, त्याचं पोरगं शाळेत जात असतं, तरी ते उगवतच असतं. मागच्या साली अशाच एका उगवत्यानं लाखनीकडच्या एका खरोखरच्या पोराला उचलून मंडपाच्या खांबावर टाकलं आणि लोकांनी मला चपला मारल्या. एक चप्पल चांगली होती, पण दुसऱ्या पायाची मिळाली नाही.

म्हणून औंदा मी जाहीर केलं, की मोठ्या इनामाची जोड डोळ्यानं नाही, वजनानं लागेल. बरोबरीचे गडी, बरोबरीचं वजन, न्यायाचं काम. सगळ्या गावानं मान डोलावली. इनाम होतं पाचशे एक रुपये आणि फेटा. पैसा माझा नव्हता, असणार कसा? धान विकायला येणाऱ्याच्या पोत्यामागे पायलीभर धान दंगलीच्या नावानं काढून ठेवायचा मी नियमच केला आहे, त्यातूनच ते जमलं. आणखी एक नियम आहे, तो कमिटीनं, म्हणजे मीच, केला आहे, की कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम कमिटीकडे परत. आता तुम्ही शहाणे आहात. दोन्ही गडी तंतोतंत सारखे मिळाले, तर कुस्ती सुटणार. आणि सुटली तर इनाम कोणाच्या पेटीत जाणार, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझा न्याय असा खोल होता.

आपल्या गावाकडून गडी होता इश्वर, आपल्याला धान घालणाऱ्या सुखरामचा पोरगा. पोरगा खरंच उगवता आहे. इनाम मिळालं तर नागपूरच्या आखाड्यात जाऊन राहायचं, असं त्याच्या मनात होतं. बापाजवळ धाडायला काही नाही, सगळी आशा त्या फेट्यात बांधलेली. पवनीकडून वस्ताद गोमाजी आपला भैय्याजी नावाचा पट्ठा घेऊन आले. सकाळी इश्वर बापासोबत धानाची बैलबंडी घेऊन मागच्या दारानं आला, तेव्हा हमालानं त्याला तिथेच अंगणात तोललं. शहात्तर किलो. भैय्याजी पाहुणा, त्याला मी पुढच्या दारानं आणला, गादीवर बसवला, चहा पाजला आणि माझ्या हातानं दुकानात तोलला. शहात्तर किलो. मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा चहा पाजला. साळेबुवा, इतक्या वर्षांची सवय अशी झाली आहे, की मागच्या दारानं येईल तो घेण्याच्या काट्यावर आणि पुढच्या दारानं येईल तो देण्याच्या काट्यावर, हे हातच करतात, डोकं त्यात पडतच नाही.

दुपारी दोघे लंगोट लावून आखाड्यात उतरले तेव्हा लोक आधी हसले. इश्वर दाराएवढा आणि भैय्याजी त्या दाराच्या अडसरासारखा. मी भोंग्यावरून सांगितलं, डोळ्यांवर जाऊ नका, काट्यावर जा, काटा खोटं बोलत नाही. (हे वाक्य मला आता गावात रोज कोणी ना कोणी ऐकवतं.) गोमाजी वस्ताद उठून म्हणाले, की काटा इथेच आणा. मला राग आला. रागात माणूस काय करतो पाहा, मी दोन्ही काटे बैलबंडीवर घालून आणायला लावले. एक आणला असता तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती, पण अध्यक्ष माणूस, म्हटलं सगळं उघड्यावर होऊ द्या.

इश्वर घेण्याच्या काट्यावर चढला, शहात्तर. मी गोमाजींकडे पाहिलं. गोमाजी शांतपणे म्हणाले, आता त्या दुसऱ्यावर. इश्वर उतरला, बाजूच्या काट्यावर चढला, चौऱ्याऐंशी. हमालाला वाटलं आपलं चुकलं, त्यानं पुन्हा पाहिलं आणि मोठ्यानं चौऱ्याऐंशी म्हणून सांगितलं. (हमाल इतका मोठ्यानं धान तोलताना कधी बोलत नाही.) मग इश्वरचा बाप सुखराम, जो माझ्यासमोर कधी बसत नाही, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शेटजी, दोन पावलं चालला तं माह्या पोट्ट्याचं वजन आठ किलोनं वाढलं. मंग माह्यं धान मागच्या दारातून पुढच्या दुकानात जाते, त्याचं काहून नाही सांगितलं मले?"

केवळरामजी, हसणं मी सहन केलं असतं. ते हसले नाहीत. इतके लोक एकाच वेळी मनातल्या मनात हिशेब करताना मी कधी पाहिले नव्हते. मी भोंगा घेतला आणि थंडीमुळे लोखंड आकसतं असं काहीतरी सांगितलं. भोंगा माझ्या हातातून कोणीतरी काढून घेतला. पंचांनी तिथेच ठरवलं, की पोरांचा काही दोष नाही, इनाम दोघांना अर्धं अर्धं. म्हणजे कुस्ती न होता पाचशे एक गेले. फेटा मात्र सुखरामच्या डोक्यावर बांधला. (तो फेटा मी घरून आणलेला होता. तुम्ही मला लग्नात बांधलेला तोच.)

हे इथेच संपलं असतं तरी मी गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी गावानं इश्वरला भंडारा रोड स्टेशनवर नेऊन पार्सलच्या काट्यावर उभा केला. ऐंशी भरला. आता बाजाराच्या दिवशी कोणी धान आणलं, की आधी इश्वर काट्यावर चढतो. ऐंशी दाखवले तर पोतं चढतं, नाही दाखवले तर बंडी पुढच्या आडत्याकडे जाते. माझा घेण्याचा काटा लोहारानं त्याच्यादेखत असा दुरुस्त केला, की तो आता बिचारा खरंच दाखवतो. देण्याचा मी झाकून ठेवला आहे. आणि दंगलीच्या नावानं मी काढत होतो ना पायलीभर धान, ते लोक आता इश्वरला देतात, नुसतं उभं राहायचं. कुस्ती न खेळता इनाम घेणारा असा पहिलवान अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नसेल. सकाळी जोर-बैठका मारतो, बाजारात उभा राहतो, चैत्रात नागपूरला जातो म्हणतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्या प्रगतीनं नाही.

असो. सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मला कोणाबद्दल राग नाही.

आपला,
श्यामराव

ताजा कलम: इश्वरची कीर्ती तुमसरपर्यंत पोचली आहे आणि पुढच्या बाजाराला तिकडचे शेतकरी त्याला तुमच्या मिलवर आणणार आहेत. घाबरू नका, मी उपाय काढला आहे. तुम्ही त्याला खेळाला उत्तेजन म्हणून खुराक लावा. दूध, तूप, बदाम, जे मागेल ते. लोक त्याला ऐंशीचाच धरून चालतात. तो चौऱ्याऐंशी झाला, की तुमच्या मिलवरचा घेण्याचा काटा त्याला बरोबर ऐंशी दाखवील आणि शेतकरी स्वतः सांगतील की काटा खरा आहे. खर्च अर्धा अर्धा वाटून घेऊ. पत्र लिहायचं कारण हेच.

ताजा कलम दुसरा: वरचा ताजा कलम विसरून जा. मी आज सकाळी सुरुवात म्हणून इश्वरला बोलावून तांब्याभर दूध दिलं, वर तूप सोडून. तो सगळं प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, "शेटजी, खुराक द्या, मी नाही म्हनत नाही. पन दर बाजाराच्या आदल्या दिवशी मी स्टेशनावर वजन करून येतो. जेवढं वाढते तेवढं लोकाईले सांगून देतो." तूप बंद करू नका, असंही म्हणाला.

तेवढ्यात शकुंतला आतून आली. भाऊबीजेला तुम्ही तिला दर साली क्विंटलभर तांदूळ पाठवता, त्याचं यंदाचं पोतं अजून शिवलेलंच होतं. ते तिनं इश्वरला उचलायला लावलं आणि आमच्या दुरुस्त झालेल्या काट्यावर ठेवलं. पंच्याण्णव भरलं. तुमची बहीण रडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मला एवढंच म्हणाली, "भावानं मलेई देण्याच्याच काट्यावर तोललं."

तेव्हा पाच किलो तांदूळ बांधून ठेवा. (मागच्या सालांचा हिशेब ती अजून करते आहे.) तोलायची तसदी घेऊ नका. न्यायला इश्वरच येतो आहे.