देशाच्या मॅचला मी घरात नसायचो

रविवार, १२ ऑक्टोबर
संध्याकाळ

प्रिय घुम्या,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू "हं", "बरं", "चालेल" याच्या पुढे सरकत नाहीस आणि मी बोलायला लागलो की लिफ्टच्या मोटरपर्यंत जाऊन पोचतो. मग तुला अचानक मीटिंग आठवते. म्हणून म्हटलं, लिहावं. पत्र अर्धवट वाचून ठेवलंस तरी निदान मला ते कळणार नाही.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ मी शेवटी स्वतःच दुरुस्त केला आणि आता तो आधीपेक्षा जास्त गळतो. तुझ्या आईच्या कुंड्यांपैकी दोन जिवंत आहेत. बाकीच्यांना मी पाणी जास्त घातलं की कमी, ते अजून समजलेलं नाही. ती असती तर चांगला दम भरला असता. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आता निवृत्त झाल्या आहेत आणि त्यामुळे दिवसभर पायऱ्यांवर येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत असतात. मला रोज विचारतात, "जेवलात का?" मी रोज हो म्हणतो. कधीकधी ते खरंही असतं.

तुझा मेसेज मिळाला होता. "काका, पुढच्या मोसमाचे पास नको काढू या. येणं जमत नाही." मी लगेच अंगठा पाठवला आणि वर लिहिलं की माझेही गुडघे त्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर कुरकुरतात. साफ थाप. परवाच मी एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वर आलो, शिडीने. गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. तुला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून लिहिलं, एवढंच. तू तरी काय करणार! एवढा लांबचा प्रवास, नोकरी, वर एका मॅचसाठी अख्खा शनिवार घालवायचा. मला पटतं. पटतं म्हणूनच अंगठा पाठवला.

तर या आठवड्यात आपल्या फुटबॉल क्लबची मॅच नाही. शुक्रवारी एका ऑफिसच्या लिफ्टचं काम संपवून ती चालवून बघत होतो, तिथे दोन तरुण पोरं आत आली. गळ्यात ओळखपत्रं, पाठीला बॅगा, दोघांच्या मोबाइलच्या कव्हरवर परदेशी क्लबांची चिन्हं. एक दुसऱ्याला म्हणाला, "हा वीकेंड बोअर आहे यार, काहीच नाही, इंटरनॅशनल ब्रेक." मी पाना हातात घेऊन तिथेच उभा. न राहवून म्हटलं, "अरे, शनिवारी आपल्या देशाची मॅच आहे की!" तर तो हसून म्हणाला, "ती काय मॅच, काका!" आणि दोघं पाचव्या मजल्यावर उतरून गेले.

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. अरे, देश खेळतो त्याला आता सुट्टी म्हणतात! आणि गंमत म्हणजे हे बोलणारा मीच होतो की इतकी वर्षं. तुझ्या आईशी मी यावरून किती वाद घातलेत, तू ऐकलेसच. क्लबची माणसं रोज एकत्र घाम गाळतात, एकमेकांचे पाय ओळखतात. देशाचा संघ म्हणजे वर्षातून चारदा जमलेली पाहुणेमंडळी, कोण कुठे पास देतंय पत्ता नाही. असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "मग नका बघू. कोणी बांधून ठेवलंय?" आणि मी पिशवी घेऊन बाहेर पडायचो. देशाची मॅच असली की मला भाजी आठवायची, चपलेचा अंगठा शिवायचा असायचा, नाहीतर कुठली तरी लिफ्ट बंद पडलेली असायची. तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे, पण देशाच्या मॅचला मी कधी घरात नसायचो.

काल होतो.

का लावली ते विचारू नकोस. शनिवार संध्याकाळ होती, घर आ वासून बसलं होतं आणि आवाज हवा होता. सोफा मोकळाच होता, तरी मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसलो. राष्ट्रगीत झालं. मी उभा राहिलो, मग एकटाच उभा आहे म्हणून लाजलो, मग खाली बसायलाही लाज वाटली. मॅच म्हणशील तर रटाळ. आपल्या डाव्या बाजूच्या बॅकला तर चेंडूशी काही जुनं वैर असावं. पण शेवटी शेवटी कॉर्नर मिळाला, गर्दीतून कुणाचं तरी डोकं लागलं आणि गेला की आत! मी असा ओरडलो की खुर्ची पडली. आणि ओरडून झाल्यावर कान देऊन थांबलो.

तुला आठवतं, पूर्वी देशाने गोल केला की अख्खी इमारत हलायची? मी तेव्हा खाली पार्किंगमध्ये असायचो. भाजी घेऊन केव्हाच परत आलेलो असायचो, पण मॅच संपेपर्यंत वर यायचं नाही म्हणून स्कूटरवर बसून राहायचो. वरून येणाऱ्या ओरड्यावरून मला स्कोर कळायचा. त्यात तुझा आवाज वेगळा ओळखू यायचा, चिरका, दुसऱ्या मजल्यावरचा. मग मी वर यायचो आणि काही माहीत नसल्यासारखं विचारायचो, "काय झालं रे मॅचचं?" तू सांगायचास, "जिंकलो." आणि आत जायचास.

काल इमारत गप्प होती. कुणाच्या घरात मॅच लागलीच नसावी. फक्त वरून नर्सबाईंनी गॅलरीतून हाक दिली, "कोण ओरडलं हो?"

"मी!"

"गोल ना?"

"गोल!"

"मला वाटलं मी एकटीच बघतेय," त्या म्हणाल्या. एवढंच. पण बरं वाटलं. पोरं काहीही म्हणोत, दोन माणसांचा का होईना, देश अजून बघतो आहे.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो, नाहीतर पुन्हा नळाकडे वळेन.

मी या घरात राहायला आलो तेव्हा तू चौथीत होतास. आल्यानंतरची ती देशाची पहिलीच मॅच. तुम्ही दोघं सोफ्यावर, तुझी आई मधे, तू या टोकाला. खिडकीकडचा कोपरा मोकळा होता. मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलाय. मी कामावरून आलो, हातपाय धुतले आणि खुशाल जाऊन तिथे बसलो. तू माझ्याकडे बघितलंस. रडला नाहीस, ओरडला नाहीस. उठलास आणि आतल्या खोलीत गेलास. टीव्ही चालूच. नंतर स्वयंपाकघरात तुझ्या आईने हळूच सांगितलं की तुझे बाबा तिथे बसायचे. त्यांचं क्लबशी काही देणंघेणं नव्हतं, ते फक्त देशाची मॅच बघायचे, आणि ते गेल्यापासून मॅच चालू असताना तिथे कुणी बसत नाही. इतर वेळी बसलं तर चालतं.

मला कुणी सांगितलं नव्हतं रे. मला कसं कळणार? पण तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. तेव्हाच ठरवलं की देशाची मॅच ही तुमच्या घरातली गोष्ट आहे, आपण त्यात पाय घालायचा नाही. आणि एखाद्या ठिकाणी आपल्याला जागा नसली की माणूस त्या ठिकाणाला नावं ठेवतो. मी देशाच्या फुटबॉलला नावं ठेवली. पाहुणेमंडळी म्हणे! पाहुणा मी होतो.

मग तुझ्याशी बोलायचं तरी कशावर? म्हणून क्लबची दोन तिकिटं आणली. क्लब तुझ्या बाबांचा नव्हता, तिथे मी कुणाच्या जागेवर बसणार नव्हतो. ऊन असो, थंडी असो, छत्री घेऊन येणारे आपल्या शेजारचे आजोबा आठवतात ना? पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बापलेक का?" मी तुझ्याकडे बघितलं. तू मैदानाकडे बघत होतास. तू हो म्हणाला नाहीस, पण नाहीही म्हणाला नाहीस. मीही मैदानाकडे बघायला लागलो. तेव्हापासून आजोबांसाठी, मागच्या रांगेतल्या बेकरीवाल्यासाठी, गेटवरच्या रखवालदारासाठी आपण बापलेकच आहोत. घरी आल्यावर मी पुन्हा काका. माझी काही तक्रार नाही. काका ही मोठी गोड हाक आहे आणि तू ती कधी वाईट तोंडाने मारली नाहीस. पण तुझे पास बंद झाले म्हणजे माझं काय बंद होतंय ते तुला कळावं म्हणून हे सगळं. फुटबॉलचं मला एवढं काही नाही रे, घुम्या. मागच्या मॅचला एकटाच गेलो होतो तर आजोबा म्हणाले, "लेक नाही आला?" मी म्हटलं, "कामात आहे." आणि पुढची सगळी मॅच त्यांच्या छत्रीकडे बघत बसलो. कोण जिंकलं ते बाहेर आल्यावर बेकरीवाल्याला विचारावं लागलं.

आणखी एक. तुझी आई गेल्यावर आपण पहिल्यांदा मॅचला गेलो, त्या दिवशी मी मध्यंतरात चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर तू फोनवर होतास, पाठमोरा. कुणाला तरी म्हणत होतास, "नंतर करतो, बाबांबरोबर मॅचला आलोय." चहा माझ्या हातावर सांडला. पायरीवर पाय अडखळला असं मी तुला सांगितलं आणि तू म्हणालास, "काका, नीट बघून चाला." ते तू खरंच म्हणालास की सोयीसाठी, अनोळखी माणसाला लांबलचक सांगत बसायला नको म्हणून, हे मी आजवर विचारलं नाही. आजही विचारत नाही. सोयीसाठी म्हणाला असलास तरी मला चालेल.

पास नकोच काढू या. तू दमतोस, ते मला दिसतं. आजोबांना मी सांगेन काहीतरी.

पण नोव्हेंबरात देशाची पुन्हा मॅच आहे. तू कुठेही असलास तरी बघशीलच, मला माहीत आहे. तेव्हा मी तुझ्याकडे येऊ का? गाडीचं तिकीट मी काढीन, जेवण बाहेरून मागवू, तुला काही करायला नको. तुझ्या खोलीत तुझ्या बाबांसाठी एखादी जागा ठेवत असशील तर मला आधी सांग, मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही. खाली सतरंजीवर बसेन. गोल झाला तर ओरडू का, तेही तूच सांग.

नाही म्हणालास तर मला वाईट वाटेल. खूप वाटेल, खोटं कशाला बोलू. पण तू नाही म्हटलंस म्हणून मी तुझा कुणी नाही असं होणार नाही, ते आता माझ्याही हातात राहिलेलं नाही. तू फक्त एक कर, उत्तराला अंगठा पाठवू नकोस. फोन कर आणि तोंडाने सांग.

जेवत जा वेळेवर.

तू मारशील त्या हाकेला ओ देणारा,
मी