मोऱ्याचा पोर

अहो,

उभ्या संसारात तुम्हाला चिठ्ठी लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही जायचात कुठे? मुरबाडच्या बाजाराला गेलात तरी दिवेलागणीच्या आत घरात. आज लिहायला बसले, कारण दुपारी मॅडमचा फोन आला आणि तो ठेवल्याबरोबर मी गोठ्याकडे धावले, तुम्हाला सांगायला! दारात पोचल्यावर आठवलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले.

ऐका. पवळीचं वासरू मोऱ्याचं आहे. डॉक्टरच्या गीरचं नाही, आपल्या वळूचं, मोऱ्याचं!

त्या मॅडम आठवतात ना? डोंगरातल्या गुरांच्या जनुकांचा अभ्यास करायला आल्या होत्या. तुम्ही त्यांना ओटीवर बसवलंत, चहा पाजलात आणि मग विचारलंत, "तांब्याभर दूध देनारी आमची गुरं. तुमी त्यांचं काय बघनार?" त्या म्हणाल्या, "काका, दूध थोडं, पण ही गुरं भर उन्हात डोंगर चढतात, गोचीड लागली तरी खंगत नाहीत. हा गुण कुठल्या जनुकांत आहे ते शोधायचंय. सापडलं तर पुढे वळू निवडताना उपयोग होईल." झालं! त्यानंतर मोऱ्याच्या रक्तात काय काय आहे हे तुम्ही गावाला सांगत सुटलात. माझ्या माहेरच्या माणसांनाही सोडलं नाहीत.

त्याच्या शेपटीचे केस मुळासकट उपटायचे होते. तो बिथरला. तुम्ही त्याच्या मानेखाली खाजवत म्हणालात, "उभा रव रे, मी हाय." दिवाळीच्या पाडव्याला पेंढ्याच्या जाळावरून गुरं उडवतात, तेव्हाही तो बिचकायचा आणि तुम्ही हेच म्हणायचात. तेवढ्यावर तो आगीवरून जायचा. माझ्याशी कधी इतकं गोड बोललात का हो?

मग गुरांत लंपीची साथ आली आणि मोऱ्या गेला. त्याच्या अंगावरच्या गाठींना तुम्ही हळदीचा लेप लावत होतात आणि तो तुमच्याकडे नुसता बघत होता. तो गेल्यावर तुम्ही दोन घास धड खाल्ले नाहीत. गावात दुसरा डोंगरी वळू उरलाच नव्हता. सगळ्यांनी आपापले खोंड खच्ची करून टाकलेले, नांगराला ट्रॅक्टर.

त्यात पवळी माजावर आली. माजावर आली म्हणजे गाय रिकामी, गाभण नाही, असं तुम्ही धरून चाललात. इथेच चुकलात! गुरांचे डॉक्टर विचारत होते, आधी तपासून बघू का? "माजावर आलीय, आता काय बघायचं?" म्हणालात. जन्मभर कृत्रिम रेतनाला नाकं मुरडणारा माणूस! 'बर्फातला बाप' म्हणायचात त्याला. आणि त्या दिवशी डॉक्टर गीर वळूचं बीज भरत होते, तेव्हा स्वतःच पवळीला धरून उभे राहिलात. डॉक्टर गेल्यावर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "मोऱ्याचं संपलं गो."

पवळी व्यायच्या आधीच तुम्ही गेलात. शेताच्या बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. इतकी कसली घाई होती?

पवळी डॉक्टरच्या हिशेबाच्या बरीच आधी व्याली. सगळे म्हणाले, अपुऱ्या दिवसांचं आहे, जगायचं नाय. पण मी पुसून काढतेय तोवर ते उठून उभंसुद्धा राहिलं, कासेला ढुशा द्यायला लागलं! मला नवल वाटलं. अपुऱ्या दिवसांचं वासरू असं असतं का? पण विचारणार कोणाला? जाऊबाई म्हणाल्या, "आईवर गेलाय." मीही मान डोलावली.

मग मॅडम पुन्हा आल्या, वासराचेही केस घेऊन गेल्या. आज फोनवर समजावून सांगितलं. वासरात अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. पवळीचा वाटा बाजूला ठेवला आणि उरलेला मोऱ्याच्या जपून ठेवलेल्या केसांशी ताडून पाहिला. जुळला! गीरचा त्यात मागमूस नाही. "काकू, गाय आधीच गाभण होती. गाभण गायही कधी कधी माज दाखवते."

अहो, तुम्ही 'संपलं' म्हणालात तेव्हा तुमचा हात पवळीच्या पाठीवर होता. तो आतच होता हो, तुमच्या हाताखाली! मोऱ्याचं संपलं हेच मनात घेऊन तुम्ही गेलात. मला रडू त्याचं येतं.

महेशला फोन केला. म्हणाला, "म्हंजे नक्की काय झालं आई?" मला सांगताच येईना. तुम्हाला एका शब्दात कळलं असतं. शेवटी म्हटलं, काही नाही, जेवलास का?

त्याचं आणि माझं ठरलं होतं. दिवाळी झाली की पवळी आणि वासरू विकायचं आणि मी कल्याणला त्यांच्याकडे जायचं. सून चांगली आहे, नातवंडांचा गलका असतो. इथे दिवसभर माझाच आवाज मला ऐकू येतो. परवा कढीत मीठ जास्त पडलं, तर तेसुद्धा बोलून दाखवायला कोणी नव्हतं.

आणि आता मॅडम म्हणतात, वासरू विकू नका, खच्ची करू नका. मोठा झाला की त्याचं वीर्य गोठवून ठेवू, डोंगरातल्या इतर गावांनाही त्याची वासरं मिळतील. हसू नका! तुमच्या मोऱ्याचा पोरच बर्फातला बाप होणार आहे. "सांभाळाल का काकू?" मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारणार होते मी?

गुरांच्या बाबतीत तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आता मीही तुम्हाला न विचारताच ठरवलंय. कल्याणला जात नाही. महेश रागावेल, रागावू दे. घर खायला उठतं, तेही सोसेन.

आणि एक सांगून ठेवते. या पाडव्याला वासराला गेरू लावून मी जाळापाशी नेणार. बायका दावं धरत नाहीत असं गाव म्हणेल, पण दावं मीच धरणार. तो बिचकला तर त्याच्या मानेखाली खाजवून म्हणेन, "चल रे, मी हाय." मला तसं म्हणणारं आता कोणी नाही. तरी त्याच्याबरोबर मीही जाळावरून जाईन.

तुमचीच,
यमुना