एकाच व्हरांड्यातला कागद

कान्हे,
ता. ७ मे १९३९

प्रिय सोपान,

तुझे भुसावळचे पत्र सोमवारी मिळाले. उत्तराला आठवडा लागला, कारण हा तिसरा कागद आहे. आधीच्या दोहोंवर खाडाखोड झाली. तू दोन गोष्टी विचारल्यास. विहिरीत औषध आता वेळेवर पडते का, आणि गेल्या वैशाखात वाडीचा तो कागद कोणी परत केला. पहिलीचे उत्तर आधी देतो. ते मला नीट लिहिता येईल.

आपल्या वाडीत पटकीचे पहिले दोन रोगी झाले, त्याच दिवशी हौशीराम पाटलांनी मामलेदारांकडे वर्दी दिली होती. तिथून ती आरोग्य खात्याकडे गेली. औषध त्यांच्या कपाटात होते, पण विहीर आमच्या लोकल बोर्डाची, म्हणून त्यांनी आमची संमती मागितली. तिन्ही दप्तरे एकाच व्हरांड्यात आहेत, सोपान. शेजारच्याचा खोकला भिंतीतून ऐकू येतो. तरी कागद शिपायाच्या हातून यायचा, बारनिशीत आवकजावक नोंद व्हायची, मगच तो पुढच्या टेबलावर चढायचा. आमच्याकडून तो कागद त्रुटी काढून परत गेला आणि तो पुन्हा येईपर्यंत वर्दीला सहा दिवस झाले.

सातव्या दिवशी पाटील स्वतः येऊन अंगणात उभे राहिले. तिन्ही हेडक्लार्क तेव्हा पान लावत होते. पाटील ओरडले, "एका डब्यातलं पान खाताना तुमाला नंबर लागत न्हाई, मंग माज्या विहिरीलाच कसा लागतो?" त्या दुपारी तिन्ही साहेबांनी एकाच कागदावर सह्या केल्या. दिवस मावळायच्या आत विहिरीचे पाणी औषधाने जांभळे झाले. धोंडामावशी, तुझी आई, आदल्याच दिवशी पटकीने गेली होती. तू पोचलास तेव्हा सारे उरकले होते.

पावसाळ्यात मी धीर करून आमचे हेडक्लार्क श्रीपादराव यांना सुचवले, की पटकीची वर्दी आली की तिन्ही दप्तरांचा मिळून एकच कागद करावा, नोंद मागाहून व्हावी, आणि मी तो हातात घेऊन टेबलाटेबलाने फिरावे. ते म्हणाले, "अहो, बारनिशीचे कारकून तुम्ही, आणि तुम्हीच म्हणता नोंद मागाहून?" पण त्यांनी ते वर मांडले आणि मंजूर झाले. गेल्या महिन्यात नवलाख उंबरे गावाकडच्या एका वाडीची वर्दी सकाळी दहाला आली. चार वाजता औषध पडले. तिथे कोणी दगावले नाही. पाटलांनी तुला माझी तारीफ लिहिली, ती याचीच. तू ती पत्रात उतरवून पाठवलीस, पण मला ती शेवटपर्यंत वाचवेना.

माझी शाळा सहावीत सुटली. त्याआधी तुमच्या ओसरीवर मी तुझ्या वह्या शुद्ध लिहून द्यायचो. मावशी माझ्यापुढे भाकरी ठेवून म्हणायची, "गेणू, तुजं अक्षर लय नीट हाय रं. तू कचेरीत बसशील, अन् आमची कामं घरबसल्या व्हत्याल." मला नोकरी लागली तेव्हा तिने तुमच्या गल्लीत गूळ वाटला होता.

आता दुसरा प्रश्न. तू लिहिलेस, नाव कळले तर त्या माणसाचे तोंड जन्मात पाहणार नाहीस. त्याच पत्रात खाली मला मावशीच्या वर्षश्राद्धाला तुझ्या शेजारच्या पाटावर बसायला बोलावलेस. नाव शोधावे लागले नाही. कागद माझ्यासमोर आहे. त्याच्या पाठीवर लिहिले आहे, 'मागील पत्राचा क्रमांक नमूद नाही, सबब परत.' अक्षर माझे आहे, नीट आहे. आपल्या वाडीचे नाव मी त्यात वाचले होते. तरी क्रमांकाची जागा रिकामी दिसली आणि हात चालला. येऊ की नको, एवढेच कार्डावर लिही.

तू अजून म्हणशील तर तुझाच,
गेणू