‘कोपी’ मासिक माझ्या माघारी कसं चालवावं

आणि खाड्याचं म्हणशील रामहरी, तर ते पन्नास रुपये मी देणार नाही. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं मागून. ऊसतोडीच्या टोळीत खाडा लागतो तो आगाऊ उचल घेतलेल्या माणसाला. कामावर आला नाही की मुकादम त्याच्या हिशोबातून कापतो. आपल्या मासिकात उचल कोणी दिली आणि कोणी घेतली? सगळे फुकट राबणारे. फुकट राबणाऱ्याला दंड लावणारा मुकादम मी तुझ्या रूपानं पहिल्यांदा बघितला. तुझ्या वडिलांनी इतकी वर्षं टोळी नेली, तापानं पडलेल्याचा खाडा त्यांनीसुद्धा कधी धरला नाही. मी तर वर टॉवरवर होतो. खाली उतरून रेंजमध्ये आलो तर ग्रुपवर तुझा मेसेज: "मुंज्या, तारीख गेली, मजकूर आला न्हाई. पन्नास टाक." पन्नास रुपयांचं काही नव्हतं. सगळ्यांसमोर मागितलेस, म्हणून ग्रुप सोडला.

तर मी, मुंजाजी सूर्यभान गिराम, वय चोवीस, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार झरी, तालुका जिल्हा परभणी, सध्या हिमाचलात किन्नौर जिल्ह्यात विजेच्या मोठ्या लाईनचे टॉवर उभे करण्याच्या कामावर, आज माझं डोकं जाग्यावर असताना, कोणाच्या धाकानं नव्हे आणि नशेतही नव्हे (मी पीत नाही, पण आमच्या गँगचा दत्तराव म्हणाला, लिहून टाक, असतं तसं), माझ्या मनानं हे मृत्युपत्र लिहितो. यापूर्वी लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं काही जवळ नव्हतं.

कारण असं की पुढच्या आठवड्यापासून आमच्या गँगला नदीकाठचा टॉवर आहे, आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा उंच. कंपनीनं प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतला. त्यात वारसाला एकच ओळ. तिथं आईचं नाव लिहिलं आणि ओळ संपली. बाकीचं कुठं लिहायचं, म्हणून हा कागद. मला काही होईल असं वाटत नाही. पट्टा लावूनच चढतो.

कलम १. अपघाताचे म्हणून कंपनीकडून जे काही येईल ते माझी आई धुरपदाबाई हिच्या खात्यात जावं. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात रोख देऊ नये. ते त्याच दिवशी बैल बघायला जातील, आणि बैलातलं त्यांना काही कळत नाही. घरात आणि शेतात माझी जी वाटणी निघेल ती बहीण पिंकी हिला. लग्न झालं तरी तिची, न झालं तरी तिची. अण्णा म्हणतील, पोरीला कशाला. म्हणू द्यावं. कागद माझा आहे.

कलम २. हत्यारं. हॉटेलात, लिफ्ट बसवायच्या कामावर, बोअरच्या गाडीवर, सोलरवर, कुठंच मी वर्षभर टिकलो नाही, त्यामुळे हत्यारं जमली नाहीत. "तुझ्या बुडाला काटे हायत का रे," असं आई विचारायची. स्वतःचा म्हणावा असा एक मोठा पाना आहे, हैदराबादेत घेतलेला. तो दत्तरावला लिहून देणार होतो. दत्तराव म्हणजे आमच्या गँगचा म्होरक्या, येलदरीचा, या कागदाचा साक्षीदार. त्यानंच अडवलं. "साक्षीदाराला मेल्यावर काय बी मिळत न्हाई, असा कायदा हाय. दुसरा साक्षीदार बघ, न्हाईतर पाना आत्ताच दे." त्याच्या जागी दुसरा कुठून आणू? पाना दिला. हे कलम इथंच संपलं.

कलम ३. पितळी तांब्या, काठाला पोचा आलेला. आई, ज्या तांब्यासाठी तू शेजारच्या पार्वतीबाईशी बोलणं टाकलंस तो हाच. तिनं नेला नव्हता. तो रामहरीनं नेला, अजून त्याच्याच घरी आहे, आणि कशासाठी नेला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणाला कळायचं नाही.

मी पंधरा वर्षांचा असताना आमचं घर रामहरीच्या वडिलांच्या टोळीत होतं. साखर कारखान्याच्या बाजूला आमच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटानं शाकारलेल्या झोपड्या. रामहरी सुट्टीत तिथं आला तो फोनवर बघून एक खेळ शिकून आला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपलं सोंग आता काय करतं ते बोलायचं. जमलं का फसलं, ते फासा ठरवतो. त्याला वीस बाजूंचा फासा लागतो, तो कारखान्यावर कुठला? म्हणून वीस चिठ्ठ्या करून आईच्या तांब्यात टाकल्या. गोष्ट सांगणाऱ्याला सगळे मुकादमच म्हणायला लागले. खेळणारे जास्त आणि कोपी लहान, म्हणून एक सोंग दोघांनी मिळून चालवायचं ठरलं: एकानं बोलायचं, दुसऱ्यानं चिठ्ठी काढायची. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, तसाच आमचा. असला कोयत्याचा नियम या खेळाच्या कुठल्याच पुस्तकात नाही, असं रामहरी सांगतो. आम्हाला पुस्तक कुठं माहीत होतं.

तांब्या आईला परत द्यावा. चिठ्ठ्या आत असू द्याव्यात. आणि आई, पार्वतीबाईला एकदा चहाला बोलाव.

कलम ४. दगडाबाई. हे माझं सोंग. येलदरी धरणाच्या पाण्यावर होडी चालवणारी म्हातारी, पोहता येत नाही, कोणाचं ऐकत नाही. इतकी वर्षं तिचं बोलणं मी बोललो आणि चिठ्ठी पिंकीनं काढली. परगावी असलो की फोनवरून बोलायचो. यापुढं बोलणं पिंकीचं. चिठ्ठी आई काढेल, तांब्या तिचाच आहे. अट एकच. मी गेलो म्हणून खेळात दगडाबाईला मारायचं नाही. रामहरीला असलं रडवायचं फार सुचतं. मागं त्यानं तिला पुरात ढकललं तेव्हा पिंकी रुसून जेवली नाही, आणि हा म्हणतो, "गोष्टीला वजन यावं लागतंय, पिंके." वजन दुसऱ्या कोणावर टाक.

कलम ५. आता मुख्य. ‘कोपी’ हे मासिक अजून निघालेलं नाही. हा खेळ मराठीत खेळणाऱ्यांसाठी ते इंटरनेटवर काढायचं, वाचणाऱ्याला फुकट, करणाऱ्यालाही फुकट, असं आम्ही ठरवलं होतं. लातूरहून, सोलापूरहून लोक रामहरीला विचारतात, तयार डाव, म्हणजे खेळायची आयती गोष्ट, मराठीत मिळेल का, इंग्रजी पुस्तक झेपत नाही. काम करणारे आठ जण जमले होते. खाडा लागू झाला तसे चौघं राहिलो: रामहरी, मी, पिंकी, आणि पूर्ण्याच्या धम्मशीलाताई वाव्हळे, ज्या शिकवण्या घेतात आणि आमचा मजकूर तपासतात.

माझी इच्छा अशी. पान हलकं ठेवावं, एक काडी रेंजवर उघडलं पाहिजे. मी जिथं जिथं कामाला गेलो तिथं एकच काडी होती. प्रत्येक अंकात एक तयार डाव, एक नकाशा आणि वाचणाऱ्यांची पत्रं असावीत. जाहिरात घ्यायची का नाही, ते तांब्यातली चिठ्ठी काढून ठरवावं, भांडून ठरवू नये. धम्मशीलाताईंनी माझ्या डावातल्या कोळ्याला ‘आम्ही’ म्हणायला लावलं होतं. ताई, बाकी सगळं तुमचं ऐकलं. पण येलदरीचा कोळी तसं बोलत नाही, त्याचं ‘आमी’ तेवढं राहू द्यावं.

इंटरनेटवरचं ‘कोपी’ हे नाव माझं आहे. माझ्या पैशानं घेतलं, माझ्या झरीच्या सिमवर. ते सिम जुन्या फोनात, आणि फोन पिंकीकडे. त्या सिमवर ओटीपीचा नंबर आल्याशिवाय कोणाला काही करता येत नाही. ग्रुप सोडला त्या दिवशी मी पिंकीला बजावलं, रामहरी आला तर फोन द्यायचा नाही. तो येऊन गेला. "पिंके, तुझ्या भावाला म्हण, अंक तयार हाय, फक्त नाव सोड. माझ्यासाठी न्हाई तर त्या लोकांसाठी सोड, वाट बघायलेत." पिंकी म्हणाली, "तुमचं तुमी बघा. मला त्या फोनवर अभ्यास करायचाय."

नावाची मुदत एकतीस मेला संपते. तोवर ८९९ रुपये भरले नाहीत तर नाव सुटतं आणि ज्याला हवं तो घेतो. मग पहिला अंक निघायच्या आधीच मासिक संपलं. तरी हे नाव, सिम, पासवर्ड आणि जुना फोन ~~माझ्या मरणानंतर~~ रामहरी दुधाटे याला मिळावा.

कलम ६. खाडा रद्द करावा. त्याऐवजी मासिकाचं काम कोयत्यावर वाटावं. कुठलंही काम एकट्याच्या अंगावर टाकू नये, दोघांना द्यावं, आणि एकाचं काम दुसऱ्याला येत असावं. एक जण टॉवरवर असला, परीक्षेला असला, बाळंत झाली, तर दुसऱ्यानं ओढावं. टोळी अशीच चालते. मुकादम खाडा मोजतो म्हणून ती चालत नाही. रामहरी, मुकादमाच्या घरात राहून हे तुला दिसलं नाही, कारण तू हिशोबाच्या बाजूला बसायचास आणि आम्ही उसाच्या फडात असायचो.

पहिला कोयता: पिंकी आणि धम्मशीलाताई. नकाशे आणि तपासणी.

दुसरा कोयता, अंक जुळवायचा आणि लोकांपर्यंत पोचवायचा: रामहरी आणि

इथं मला कोणाचं नाव लिहावं ते सुचेना. रामहरीची चूक काढणारा माणूस पाहिजे, त्याला "हे रटाळ झालंय" म्हणणारा पाहिजे, आणि त्याचा राग आला तरी काम करणारा पाहिजे. जागा तशीच सोडली आणि कागद साक्षीदारांना दाखवायला घेतला.

दुसरी साक्षीदार कडूबाई, दत्तरावची बायको, आमच्या गँगचा स्वयंपाक तीच करते. म्हणाली, "वाचून दाखव. न वाचता सही करायला मी काय येडी हाय का?" ती भाकरी थापत होती. मी सगळं वाचलं.

"आन ते नाव कवा सुटतंय म्हणलास?"

"एकतीसला."

"आन तू कवा मरणार हायस?"

दत्तराव हसायला लागला. ती हसली नाही. "एकतीसच्या आत मरावं लागंल बघ तुला. न्हाईतर त्या पोराला ह्यातलं काय बी उपयोगाचं न्हाई. ह्यांला पाना दिलास की न्हाई जित्तेपणी? तसं दे."

मी म्हणालो, "आधी त्यानं खाडा मागं घ्यावा."

"आमी दोघांनी सोळा वर्सं जोडीनं ऊस तोडला," कडूबाई म्हणाली. "चार-चार दिवस मी ह्यांच्याशी बोलत नव्हते. पण हे तोडायचे तवा मोळी मीच बांधत व्हते. बोलणं येगळं, मोळी येगळी. तुझा जोडीदार तिकडं अर्धा कोयता घेऊन उभा हाय, आन तू इथं पन्नास रुपयं धरून बसलायस."

दत्तराव म्हणाला, "लिही आता. भाकर निवायली."

म्हणून पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो. कलम ५ मधले ‘माझ्या मरणानंतर’ हे शब्द खोडले आहेत, तिथं ‘आजच’ असं वाचावं. खोडल्याजागी माझी सही आहे. कलम ६ मधल्या रिकाम्या जागी मुंजाजी सूर्यभान गिराम असं वाचावं. मी खरोखरच नसलो तर रामहरीनं दुसरा जोडीदार आपला आपण शोधावा, आणि त्याला खाडा लावू नये.

पिंकीला फोन केला. "दादा, खरंच देऊ का? पुन्हा उलटून मला बोलशील." देऊन टाक म्हणालो. "आन माझा अभ्यास?" सिम काढून दे, फोन तुझा. तर जुना फोन पिंकीचा, हीसुद्धा दुरुस्तीच समजावी. पासवर्ड तिला सांगितला आहे.

माझा उशिराचा डाव, पाण्याखालच्या गावाचा, तारखेच्या दुसऱ्याच दिवशी लिहून झाला होता. मी पाठवला नाही. आज पाठवला. गाव माझ्या मनातलं आहे, वाचणाऱ्यांनी येलदरीला शोधायला जाऊ नये.

हा कागद वाचून, समजून, वरील दोघांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

लिहून ठेवणार: मुंजाजी सूर्यभान गिराम

साक्षीदार: १. दत्तराव, राहणार येलदरी. यांना यातून काही मिळालेलं नाही, पाना आधीच दिला होता.
२. कडूबाई दत्तराव, राहणार येलदरी. सही स्वतःच्या हातानं, पिठाचा डाग तिचाच.

ठिकाण: टॉवर लाईन कॅम्प, जिल्हा किन्नौर, हिमाचल प्रदेश
दिनांक: १८ मे २०२५

सहीनंतरची ओळ, साक्षीदारांना सांगून लिहिली: रामहरी, नावाचे पैसे भरायचं पान इथल्या रेंजवर उघडत नाही, ते तूच भर. खालच्या चहाच्या टपरीवरून तुझ्या फोनवर पैसे पाठवले आहेत. नावाचे आठशे नव्व्याण्णव, आणि वर पन्नास. पन्नास कशाचे ते ग्रुपवर लिहायचं नाही. एकूण रुपये ९४९, अक्षरी नऊशे एकोणपन्नास फक्त.