इवेरीच्या पुस्तकातल्या पेन्सिलीच्या शिव्या

कुटाईसी, शनिवार दुपार

वडीलधाऱ्या दारेजानताईस,

धाकट्या त्सियालाचा, गुडघे कुरकुरत असतानाही, वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब कसा आहे? रेझो भावोजींचा खोकला गेला, की अजून तुमच्या बातुमीच्या पावसाच्या नावाने बोटं मोडणं चालू आहे? आम्ही इकडे ठीक. म्हणजे मी ठीक, मांजर लठ्ठ, आणि छप्पर गळतंय ते जुन्याच जागी, त्यामुळे बादली हलवावी लागत नाही. आणखी एक म्हणजे मी बुद्धिबळ खेळायला लागले आहे. बातमी अशी मधेच टाकली म्हणून रागावू नकोस. नीट प्रस्तावना करून सांगितली असती तर तू मला डॉक्टरकडे पाठवलं असतंस.

झालं असं, की इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळ खायला उठते. आमच्या वाचनालयात दर मंगळवारी आमच्यासारख्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बुद्धिबळ मंडळ भरतं आणि तिथे हीटर असतो. (खरं कारण हीटरच. पण मंडळात मी सांगितलं की बुद्धीला धार लावायला आले.) आईने माझ्या रुखवतात पट आणि मोहरी दिली होती, आठवतं ना? ती घेऊन जावी म्हणून शोधायला बसले, तर चाळीस वर्षांत सगळी मोहरी संसाराला लागलेली. प्यादी वाईनच्या बाटल्यांना बुचं म्हणून बसली होती, पांढऱ्या वजिरावर मी मोजे रफू करत होते, आणि एक उंट न्हाणीघराच्या दाराखाली पाचर होऊन पडला होता. बत्तीसपैकी तेवीस सापडली. लसणाच्या डब्यातून निघालेल्या घोड्याच्या तर जवळ जाववेना. मंडळ चालवणारे बोंडो (हे पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे आणि अजूनही सगळ्यांना रांगेत उभं करू पाहतात) यांनी माझी पिशवी उघडून आत बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हे बुद्धिबळ नाही. हे फडताळ आहे."

त्या दिवशी मी मंडळाचीच मोहरी घेऊन चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांकडून हरले. ते डावात दोनदा झोपले होते. दुसऱ्यांदा तर मीच त्यांना उठवलं, आणि उठल्या उठल्या त्यांनी मला मात दिली. ताई, माणसाने हरावं, पण घोरणाऱ्याकडून हरू नये. म्हणून दुसऱ्याच दिवशी पुलाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, मला सुधारायचंय. दुकानदार खुलला. शिकणाऱ्याला काय काय लागतं हे त्याने असं सांगितलं जसं बाळंतिणीला सांगतात. मोहरी बुडाशी जड हवीत, म्हणजे हात लागला तरी लवंडत नाहीत; पट गुंडाळता येणारा हवा; खेळी लिहायला वही हवी; आणि दोन तोंडांचं घड्याळ तर हवंच. घड्याळाचं डावं तोंड जरा घाईचं आहे, ते समोरच्याला द्यावं, असंही तो कानात म्हणाला. वर तीन पुस्तकं.

पहिलं पुस्तक डावाच्या सुरुवातीचं. त्यातल्या चौदा खेळ्या मी भांडी घासताना, कणीक मळताना, चर्चमध्ये मेणबत्ती लावताना पाठ केल्या. मंगळवारी मोठ्या तोऱ्यात बसले, तर समोरच्याने दुसरीच खेळी पुस्तकाबाहेरची केली. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की असं नसतं. त्याने पुस्तक वाचलेलंच नव्हतं, त्याला काय समजणार. दुसरं पुस्तक कोड्यांचं, तीन खेळ्यांत मात करा वगैरे. त्यातलं एक सोडवताना राजम्याचं अख्खं पातेलं करपलं. मात काही सापडली नाही. पातेलं अजून भिजतंय.

तिसरं पुस्तक मात्र वेगळं निघालं. डावाच्या शेवटावरचं, विटेएवढं जाड, आणि पानापानावर आधीच्या मालकाने पेन्सिलीने शिव्या लिहिलेल्या. 'गाढवा, प्यादं पुढे.' 'पुन्हा तीच चूक. डोकं आहे की भोपळा?' मला वाटलं मलाच म्हणतोय. आधी राग आला, मग सवय झाली, मग तर त्या शिव्यांशिवाय पान कळेना. मीही निळ्या शाईने उत्तरं द्यायला लागले. 'तूच गाढव.' 'भोपळा तुझा बाप.' एका पानावर नुसतंच 'हसू नकोस' असं लिहिलं होतं. तिथे मी लिहिलं, 'हसणारच.' या भांडणात मी इतकी तयार झाले की एका मंगळवारी झोपणाऱ्या आजोबांना, ते जागे असताना, हरवलं.

आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी बोंडोंनी सोडत काढली, तर माझ्यासमोर नातेला. हो, तीच, कुंपणापलीकडची. तिच्या अंजिराची फांदी माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर यायची, मी ती तिला न विचारता कापली, आणि तेव्हापासून चार वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. मधे तिचा नवरा इवेरी गेला. मी मयताला गेले होते, ताई, पण मागे उभी राहून परत आले. दोन शब्द बोलायला जिभेने नकार दिला. मग ते न बोललेलं इतकं शिळं झालं की कुठून सुरुवात करावी ते कळेना. इवेरी गेल्यापासून ती मंडळात येत नव्हती. त्या दिवशी दोन वर्षांनी आली, ती थेट माझ्यासमोर बसली.

खेळ म्हणशील तर तिने माझी सालं काढली. वीस खेळ्यांत माझे दोन घोडे आणि एक हत्ती गेला, राजा उघड्यावर. मी धीर यावा म्हणून पर्सखालचं पुस्तक बाहेर काढून जरा जवळ ठेवलं. (डाव चालू असताना उघडायचं नसतं, मी फक्त हात ठेवला होता.) नातेलाचा हात हवेतच थांबला. तिने पुस्तक ओढून घेतलं, उघडलं आणि वाचायला लागली. तिच्या बाजूचं घड्याळ टिकटिकत होतं. ती पान उलटत होती, आणि मला एकदम लख्ख कळलं की ते अक्षर कुणाचं आहे आणि त्या अक्षराखाली निळ्या शाईने मी काय काय लिहून ठेवलंय. टेबलाखाली शिरावं असं वाटलं, पण गुडघे. शेवटी काहीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलले. चार वर्षांतलं माझं पहिलं वाक्य हे होतं: "नातेला, तुझं घड्याळ चालू आहे."

"चालू दे," ती म्हणाली. "हे 'हसू नकोस' मला आहे. तो रोज माझ्याकडून हरायचा आणि मग पुस्तकात बसून स्वतःला शिव्या द्यायचा." मग तिने खालचं माझं 'हसणारच' वाचलं, पान उलटलं, 'भोपळा तुझा बाप' वाचलं, आणि हसायला लागली ती अशी की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, बोंडो शिस्तीसाठी धावत आले. इतक्यात तिची वेळ संपली. बोंडोंनी जाहीर केलं की त्सियाला जिंकली. मी भांडले, म्हटलं ती चार खेळ्यांत मला मारणार होती, सगळ्यांना दिसतंय. ते म्हणाले, ज्याची वेळ संपली तो हरला, नियम म्हणजे नियम. खऱ्या खेळाडूवरचा माझा पहिला विजय हा असा, समोरची रुमालात तोंड खुपसून हसत असताना.

घरी आम्ही बरोबरच चालत आलो. तिने सांगितलं की या वसंतात कपाट आवरताना रागाच्या भरात इवेरीची सगळी पुस्तकं तिने दुकानात देऊन टाकली, आठवड्याने परत आणायला गेली तर हे विकलं गेलेलं. मी लगेच पुस्तक तिच्या हातात दिलं आणि इवेरीबद्दल जे दोन शब्द तेव्हा राहिले होते ते फाटकाशी उभी राहून बोलले. तिने ते माझ्याच पर्समध्ये परत सरकवलं. मग म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे. गुरुवारी घेऊन ये माझ्याकडे. आणि पेनही आण." आता दर गुरुवारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसतो. ती मला हरवते, मी इवेरीला उत्तरं लिहिते, आणि मधे चीज भरलेली गरम खाचापुरी असते. ताई, गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी हसले नव्हते.

भावोजींना नमस्कार. औषधं वेळेवर घेत जा.

तुझी धाकटी,
त्सियाला

ता. क. पुढच्या महिन्यात बातुमीला साठीच्या वरच्या बायकांची सांघिक स्पर्धा आहे. नातेला आणि मी येतोय. नऊ दिवस. उतरायला तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला? नातेला घोरते, असं तिनेच सांगितलंय, तेव्हा तिला आतली खोली.

आणखी ता. क. संघात तीन बायका लागतात. तिसरं नाव मी तुझं देऊन टाकलंय. नाही म्हणू नकोस, बोंडोंनी यादी पाठवली आहे. कोड्यांचं पुस्तक बुधवारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते. सरावाला बसताना गॅस बंद कर.

शेवटचं ता. क. आणि सरावासाठी काही अडलं तर कृपा करून भावोजींना विचारू नकोस. लग्नानंतर त्यांनी तुला शिकवलं होतं ना, की प्यादं मागेही चालतं पण फक्त नवऱ्याचं, ते तिन्ही पुस्तकांत कुठेही नाही. मी पुन्हापुन्हा पाहिलं.