लेओकादियाच्या भिंतीवरचा राजा

देवाला स्मरून लिहून ठेवतो की, मी उर्बानो केसादा, धंदा खोगिरे शिवण्याचा, राहणार ओल्मेदिया, पाय थकले तरी डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकात नसताना ही व्यवस्था करीत आहे. आत्मा देवाचा, देह चर्चच्या अंगणातल्या मातीचा.

आरी, रापी आणि उरलेले चामडे धाकटा भाऊ गास्पार याला. माझी खोगिरे गाढवालाही टोचतात, असे तो भर बाजारात बोलला होता. आता त्याने स्वतः शिवून बघावे.

राहते घर पत्नी लेओकादिया हिच्याकडे, तिच्या पश्चात पुतण्या हासिंतो याचे. मात्र बैठकीतले तरुण राजे लुईस यांचे चित्र तिच्या हयातीत भिंतीवरून उतरवू नये. नगरसभेला आता ते विकत हवे आहे आणि हासिंतोच्या तोंडाला पाणी सुटले आहे, हे मला ठाऊक आहे. चित्र हलले, तर घर गास्पारचे.

कारणही लिहितो. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी हे राजे गादीवर आले तेव्हा निष्ठेच्या शपथेसाठी गावाला त्यांचे चित्र हवे होते. आमच्या चिताऱ्याने राजे कधी पाहिलेच नव्हते. कोवळे आणि सडपातळ आहेत, एवढेच कानावर आलेले. तसा गावात मी होतो. लाल पडदा खांद्यावर घेऊन मी उभा राहिलो, मनात लेओकादिया. मला मुलगी नाकारणारे सासरे त्या चित्रापुढे टोपी काढून वाकले! त्याच वर्षी राजे देवीच्या रोगाने गेले, सभेला चित्र नकोसे झाले. पुढे सासरे नरमले, तेव्हा चिताऱ्याने ते आम्हाला लग्नात दिले.

हल्ली लेओकादियाचे मन धुक्यात हिंडते. दुपारचे ऊन चित्रावर आले की ती खुर्ची ओढून त्याच्याशी बोलत बसते.

"उर्बानो, हा म्हातारा कोण रे? रोज येतो नि सूप पिऊन जातो!" मग माझ्याकडे वळून, "बसा हो बाबा. पण माझा नवरा घरात आहे हं."

पहिल्यांदा मी रडलो. आता म्हणतो, "बरं बाई, दाराशीच बसतो." तिथून ती लाजताना दिसते. इतके सुख मला तरुणपणीही झाले नव्हते.

म्हणून शेवटचे सांगणे. घंटा कोणासाठी वाजते, असे तिने विचारले तर ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ गेले, म्हणावे. तिला काळे कपडे घालू नयेत. विधवा व्हायचे तिला काही कारण नाही.

वाचून घेतले, बरोबर आहे.

सही: उर्बानो केसादा
साक्षीदार: फादर इल्देफोन्सो, शेजारीण तोमासा (सही येत नाही, फुली केली)
ओल्मेदिया, १२ मार्च १७७१